शिकाऊ उमेदवारांचं घराणं

१९५९ च्या नोव्हेंबरमध्ये बुसानच्या गोल्डस्टार कारखान्यातून कोरियात तयार झालेला पहिला रेडिओ बाजारात आला. नाव ए-५०१. ‘ए’ म्हणजे एसी, घरातल्या विजेवर चालणारा. ५ म्हणजे आतले पाच व्हॉल्व्ह. आणि ०१ म्हणजे कंपनीचं पहिलं उत्पादन. किंमत २० हजार ह्वान, म्हणजे त्या वेळच्या एखाद्या नोकरदाराच्या महिन्याच्या पगाराच्या साधारण तिप्पट. रेडिओची जुळणी करणारे किम हे-सू दुरुस्तीच्या कामात मुरलेले होते. बिघडलेले परदेशी रेडिओ उघडून उघडून त्यांचा हात तयार झाला होता. व्हॉल्व्हसारखे भाग अजून बाहेरूनच आणावे लागत. हीच गोल्डस्टार पुढे एलजी झाली, आणि पुण्याजवळ रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत तिचा कारखाना आपल्या ओळखीचा आहे.

सात वर्षांनी, १९६६ मध्ये, गोल्डस्टारने देशातला पहिला टीव्ही काढला तो जपानच्या हिताचीच्या मदतीने. सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्स १९६९ साली सुरू झाली आणि त्याच वर्षी तिने जपानच्या सान्योशी भागीदारी केली. सुवॉनला कारखाना उभा राहत असताना कंपनीची माणसं जपानला काम शिकायला गेली. त्याच्या जेमतेम चोवीस वर्षं आधीपर्यंत कोरियावर जपानची सत्ता होती. ज्यांच्या राज्यात आईबापांनी मान खाली घालून दिवस काढले, त्यांच्याच कारखान्यात वही-पेन घेऊन उभं राहायचं, हे त्या तरुणांना सोपं गेलं असेल असं मला वाटत नाही. पण ते गेले आणि शिकून परत आले.

कोरियन इलेक्ट्रॉनिक्स हे शिकाऊ उमेदवारांचं घराणं आहे. एवढं ध्यानात घेतलं की आज तिथे इंटर्नशिपला जाणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याच्या वाट्याला काय येतं आणि काय येत नाही, याचा उलगडा होऊ लागतो.

या घराण्यातला सगळ्यात विलक्षण प्रसंग १९८३ चा आहे. सॅमसंगचे संस्थापक ली ब्युंग-चल तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते. १९३८ साली देगू शहरात सुकी मासळी, भाजीपाला आणि नूडल्सच्या व्यापारापासून सुरुवात केलेला हा माणूस. त्यांनी फेब्रुवारीत टोकियोहून निर्णय कळवला की आपण मेमरी चिप बनवायची. अमेरिका आणि जपान या क्षेत्रात कितीतरी पुढे निघून गेले होते. सॅमसंगने अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या मायक्रॉन कंपनीकडून ६४ के डीरॅम या मेमरी चिपच्या आराखड्याचा परवाना घेतला आणि आपले अभियंते बॉइसी गावी शिकायला धाडले. पैसे मोजलेले असले तरी तिथली सगळी दारं काही त्यांच्यासाठी उघडली नाहीत. दिवसभर जे बघायला मिळे ते डोक्यात साठवायचं, रात्री एकत्र बसून कागदावर उतरवायचं आणि राहिलेल्या जागा स्वतःच्या विचाराने भरायच्या, असं ते शिकणं होतं.

इकडे कोरियात काम हाती घेण्यापूर्वी अभियंत्यांच्या तुकडीने रात्रभर ६४ किलोमीटर पायपीट केली. ६४ के चिप, म्हणून ६४ किलोमीटर. गिहुंगचा कारखाना, ज्याला एरवी दीड वर्ष लागलं असतं, तो सहा महिन्यांत बांधला. १९८३ च्या डिसेंबरात चिप तयार झाल्याची घोषणा झाली. पुढच्या दोन वर्षांत चिपचे भाव कोसळले आणि कंपनीने जबर तोटा सोसला. तरी हात आखडता घेतला नाही. अमेरिकेत शिकलेल्या, तिथल्या बड्या कंपन्यांत नोकरी करणाऱ्या कोरियन अभियंत्यांना परत बोलावलं. स्टॅनफर्डची डॉक्टरेट घेऊन आयबीएममध्ये काम करणारे चिन दे-जे १९८५ मध्ये परतले, ते त्यांपैकीच. १९९२ मध्ये जगातली पहिली ६४ एम डीरॅम सॅमसंगने विकसित केली आणि १९९३ मध्ये मेमरीच्या बाजारात कंपनी पहिल्या क्रमांकावर पोचली. दहा वर्षं! त्या पायपिटीच्या कथा अभिमानाने सांगितल्या जातात. मला स्वतःला बॉइसीतल्या त्या रात्री जास्त मोलाच्या वाटतात.

आता बाजू पालटली आहे. सॅमसंगच्या कोरियातल्या मुख्यालयासाठी आयआयटीच्या आवारातून थेट निवड होत आली आहे, त्यात पवईही आली. व्हिएतनाम, इंडोनेशिया, उझबेकिस्तान, भारत अशा देशांतून कोरियात शिकायला येणाऱ्यांची एकूण संख्या २०२४ मध्ये २ लाखांच्या पुढे गेली. त्यांतले अभियांत्रिकीचे कित्येक जण सुट्टीत एखाद्या कंपनीच्या प्रयोगशाळेत काम मिळवण्याची धडपड करतात. आणि पहिल्याच दिवशी त्यांना कळतं की बॉइसीत जे बंद होतं ते इथेही बंद आहे. फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लागतो किंवा कॅमेरा बंद पाडणारं अ‍ॅप टाकावं लागतं. पेन ड्राइव्ह चालत नाही. शेजारच्या इमारतीचं दार आपल्या ओळखपत्राने उघडेलच असं नाही. यामागे नुसता कंपनीचा संशयी स्वभाव नाही, कायदा आहे. औद्योगिक तंत्रज्ञान बाहेर जाऊ नये यासाठी कोरियाने २००६ मध्ये स्वतंत्र कायदा केला. त्यानुसार सेमीकंडक्टर, डिस्प्ले अशा क्षेत्रांतली ठरावीक तंत्रं राष्ट्राची गाभ्याची तंत्रं म्हणून जाहीर होतात आणि ती फोडणाऱ्याला तुरुंगवास होऊ शकतो. इंटर्नने सही केलेल्या गोपनीयतेच्या कराराला हे वजन असतं. ज्यांनी स्वतः बघून बघून विद्या मिळवली, त्यांना बघणाऱ्या डोळ्यांची ताकद ठाऊक असणारच.

मग उरतं काय? बहुतेक वेळा मोजणी. एखाद्या पॅनलचे रंग वेगवेगळ्या तापमानाला मोजायचे, बॅटरी शेकडो वेळा भरायची आणि रिकामी करायची, अँटेनाचे आकडे घ्यायचे, आणि हे सारं आपोआप व्हावं म्हणून पायथनमध्ये चार ओळींचा प्रोग्रॅम लिहायचा. आठवड्याला अहवाल, शेवटी सादरीकरण. घरून मोठी स्वप्नं घेऊन निघालेल्या विद्यार्थ्याला हे काम हलकं वाटतं. ते हलकं नाही. २०१६ मध्ये गॅलेक्सी नोट ७ या फोनच्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या आणि सॅमसंगला तो बाजारातून पूर्ण मागे घ्यावा लागला. कारण शोधायला सुमारे ७०० अभियंते बसले. २ लाखांहून जास्त फोन आणि ३० हजारांहून जास्त बॅटऱ्या पुन्हा पुन्हा भरून-रिकाम्या करून तपासल्या. २०१७ च्या जानेवारीत निष्कर्ष जाहीर झाला: एका पुरवठादाराच्या बॅटरीत वरच्या कोपऱ्यात इलेक्ट्रोड दुमडत होता, दुसऱ्याच्या बॅटरीत वेल्डिंगचे टोकदार कण राहत होते. इतकी बारीक चूक फक्त चिकाटीने केलेल्या मोजणीतूनच हाती लागते. इंटर्नच्या टेबलावरचा तो कंटाळवाणा तक्ता याच कामाचा धागा आहे.

नोंदी ठेवण्याचा हा सोस त्या मातीत जुना आहे. सॅमसंगचा मुख्य परिसर ज्या सुवॉनमध्ये आहे, तिथेच ह्वासोंगचा किल्ला उभा आहे. राजा जोंगजोने तो १७९४ ते १७९६ मध्ये बांधून घेतला. भिंतीचा घेर सुमारे पावणेसहा किलोमीटर. दहा वर्षांचं ठरलेलं काम पावणेतीन वर्षांत उरकलं. विद्वान जोंग याक-योंग यांनी जड दगड उचलायला कप्प्यांचं यंत्र तयार केलं होतं. वेठबिगारीने राबवून घेण्याऐवजी कारागिरांना रोजंदारी दिली. आणि मग या सगळ्याचा तपशील, म्हणजे आराखडे, यंत्रांची चित्रं, साहित्याचे भाव, कारागिरांची नावं आणि मजुरी, १८०१ मध्ये ग्रंथरूपाने छापला. कोरियन युद्धात किल्ल्याची मोठी पडझड झाली, तेव्हा १९७० च्या दशकात याच ग्रंथावरून त्याची दुरुस्ती करता आली. १९९७ मध्ये युनेस्कोने तो जागतिक वारशात घेतला. सुवॉनला इंटर्नशिप करणाऱ्या प्रत्येकाने रविवारी हा तट चालून यावा. आपल्या गडकोटांच्या बांधणीचे असे हिशेब हाताशी असते तर काय झालं असतं, हा विचार मराठी माणसाच्या मनात आल्याशिवाय राहणार नाही.

माणसांच्या बाबतीत हे घर कडक आहे, आणि बदलतंही आहे. वरिष्ठाला हुद्द्याने हाक मारायची, तो उठल्याशिवाय आपण उठायचं नाही, संध्याकाळच्या सामूहिक जेवणाला नाही म्हणायचं नाही, असा जुना शिरस्ता. सॅमसंगने २०१७ मध्ये हुद्द्यांच्या सात पायऱ्या चारवर आणल्या आणि नावापुढे आदरार्थी ‘निम’ लावून हाक मारण्याचा पायंडा पाडला. २०१८ च्या जुलैपासून मोठ्या कंपन्यांत आठवड्याला ५२ तासांची कमाल मर्यादा लागू झाली. त्याआधी प्रत्यक्षात ६८ तासांपर्यंत काम करून घेता येत असे. परदेशी इंटर्नला आज संध्याकाळी वेळेवर घरी जाता येतं ते या कायद्यामुळे.

हे घर उभं राहताना कुणी काय किंमत मोजली, तेही इंटर्नला कळायला हवं. गिहुंगच्या चिप कारखान्यात काम करणारी ह्वांग यू-मी ही तरुणी ल्युकेमियाने २००७ मध्ये विशीतच गेली. वडील ह्वांग सांग-गी टॅक्सी चालवत. मुलीचा आजार कामामुळे झाला, हे मान्य करून घेण्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले. त्यांच्याबरोबर आणखी कामगार आणि कुटुंबं उभी राहिली. २०१८ च्या नोव्हेंबरात सॅमसंगने जाहीर माफी मागितली आणि भरपाई मान्य केली. एका व्यक्तीला जास्तीत जास्त १५ कोटी वॉन. ६४ किलोमीटरची पायपीट अभिमानाने सांगितली जाते, तितक्याच ठळकपणे ही अकरा वर्षंही सांगितली जावीत. कुठलंही रसायन हाताळण्याआधी त्याचा सुरक्षा-तक्ता मागणं हा इंटर्नचा हक्क आहे, आणि तो त्याने संकोच न करता बजावावा.

कोरियाला आता या विद्यार्थ्यांची गरज आहे. तिथे एका स्त्रीमागे सरासरी मुलांची संख्या २०२३ मध्ये ०.७२ पर्यंत उतरली. २०२७ पर्यंत ३ लाख परदेशी विद्यार्थी आणण्याचं उद्दिष्ट सरकारने त्याच वर्षी जाहीर केलं, आणि प्रगत तंत्रज्ञानातल्या इंटर्नसाठी वेगळी व्हिसा-श्रेणीही ठेवली आहे. तरी इंटर्नशिप संपल्यावर तिथे टिकणं भाषेवर अडतं. प्रयोगशाळेत इंग्रजीवर निभावतं, पण बैठकीतला वाद, ईमेलमधला सूर आणि जेवणाच्या टेबलावर ठरणाऱ्या गोष्टी कोरियनमध्येच चालतात. मराठी मुलाला एक सोय आहे: कोरियन वाक्यातही क्रियापद शेवटी येतं आणि मोठ्या माणसाशी बोलताना क्रियापदाचं रूप बदलतं. लिपी थोड्या दिवसांत वाचता येते. जाण्याआधी वर्षभर रोज तासभर दिला, तर बैठकीत कोण कशावर अडून बसलं आहे एवढं तरी उमगू लागतं, आणि मार्गदर्शक अभियंता मोजणीपलीकडचं काम हाती द्यायला तयार होतो.