उडीला गुण द्यायचे कसे?

मुलांनो, शंभर मीटर धावण्याच्या शर्यतीत पहिला कोण, ते घड्याळ सांगतं. लांब उडीत टेप सांगते. पण चित्रकलेच्या स्पर्धेत? तिथं परीक्षकांचे डोळे सांगतात! मग निकाल लागला की वर्गात कुजबुज सुरू होते, "बाई, तिचंच चित्र जास्त छान होतं!"

अशी कुजबुज एका धाडसी सायकल-स्पर्धेतही होते, बरं का! तिचं नाव 'रेड बुल रॅम्पेज'. अमेरिकेतल्या युटा राज्यात, व्हर्जिन या छोट्या गावाजवळच्या तांबड्या कड्यांवर ती २००१ मध्ये सुरू झाली. इथं आयता रस्ता नसतो. साथीदारांना घेऊन, कुदळ-फावड्यानं आपली वाट आपणच तयार करायची आणि सायकलवरून खाली झेपावायचं. खाली कोण लवकर पोचलं, याला महत्त्व नाही. परीक्षक बघतात ते वेगळंच : वाट किती अवघड, उडी किती मोठी, सायकलवर ताबा किती आणि कसरती किती सफाईदार. मग शंभरपैकी गुण!

आता २०१३ची गंमत ऐका. न्यूझीलंडच्या केली मॅकगॅरीनं ७२ फूट रुंद घळ ओलांडताना हवेत सायकलसकट उलटी कोलांटी मारली. अमेरिकेच्या कॅम झिंकनं उंच लाकडी मचाणावरून ७८ फुटांची झेप घेतली, तीही कोलांटी मारत! त्याच मचाणावरून कायल स्ट्रेट उडाला, तो फक्त दोन्ही हात सोडून. पहिला कोण आला असेल? स्ट्रेट! मॅकगॅरी दुसरा, झिंक तिसरा.

"हा तर अन्याय!" असं वाटलं ना? पण परीक्षक एकच उडी बघत नाहीत. कड्याच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंतची सगळी फेरी बघतात. तरीही, अवघड वाटेला जास्त मान द्यायचा की सफाईला, यावर दोन प्रामाणिक माणसांचंही एकमत होईलच असं नाही. म्हणून तर एकापेक्षा जास्त परीक्षक असतात.

खरं सांगू? गणिताच्या वह्या मी भराभर तपासते. पण निबंधाला सात द्यावेत की आठ, इथं माझंही पेन अडतं.

तेव्हा पुढच्या स्पर्धेच्या आधीच बाईंना विचारा, "गुण कशाकशाला आहेत?" रागावणार नाहीत त्या. उलट, त्यांनाही थोडा विचार करावा लागेल!