बंकची फळी आणि काडेपेटीची काडी

मिनेसोटात दहा एकरांहून मोठी ११,८४२ तळी आहेत. मे महिन्यात मासेमारीचा हंगाम उघडला की हिवाळाभर ताडपत्रीखाली पडून असलेल्या नावा ट्रेलरवर बसून तळ्याकडे निघतात. ट्रेलरवर नाव ज्या दोन लांब, गालिचा गुंडाळलेल्या फळ्यांवर टेकते त्यांना बंक म्हणतात. इथल्या मराठी घरांतूनही आता अशा नावा दिसतात आणि वसंतात कुणी ना कुणी हमखास विचारतं, "बंकचा स्क्रू नुसताच फिरतोय, आटे गेलेत. काडी घालून चालेल का?"

काडीचा उपाय आपण घरीच शिकलेला असतो. कपाटाची बिजागरी लोंबकळायला लागली की काडेपेटीच्या दोन काड्या, थोडा पांढरा डिंक, वरून स्क्रू. दार पुढची दहा वर्षं बिनतक्रार लागतं. उपाय खोटा नाही, पण तो कोरड्या लाकडाचा आहे. बंक दर खेपेला पाण्यात बुडते, मग दिवसभर उन्हात तापते. लाकूड फुगतं, आकसतं, पुन्हा फुगतं. घरगुती पांढरा डिंक सतत भिजला की मऊ पडतो आणि काडीचा भुगा होतो. दोन-तीन फेऱ्यांत स्क्रू होता तिथेच येतो.

मुळात "आटे गेले" म्हणताना आपण दोष पेचाला देतो. पेच काढून पाहा, त्याचे आटे बहुधा शाबूत असतात. गेलेले असतात ते लाकडात उमटलेले आटे. आणि साधा लोखंडी पेच असेल तर आणखी एक गोष्ट घडते: गंज आजूबाजूच्या लाकडालाही पोखरतो. भोकाभोवती काळा डाग दिसला तर तिथलं लाकूड धरण्याच्या लायकीचं उरलेलं नाही असंच समजावं. तेव्हा पाना उचलण्याआधी आरी किंवा टोकदार स्क्रूड्रायव्हर घ्या आणि भोकाजवळ, फळीच्या टोकाशी, गालिच्याच्या आतल्या कडेला टोचून बघा. टोक सहज आत शिरलं तर फळीच बदलायची. कुजलेल्या फळीवर केलेली कुठलीही डागडुजी वाया जाते.

"अजून थोडा आवळून बघू" हा मोह सगळ्यांना होतो. ढिला पेच जोराने आवळला की उरलेले तंतूही कापले जातात आणि पकड साफ जाते.

खरी भीती वाटते ती पुढच्या सल्ल्याची: "लांब स्क्रू टाक, आत जाऊन धरेल." टू बाय फोर म्हणून मिळणारी फळी दोन इंच जाड नसते, रंधून झाल्यावर ती दीड इंच भरते. फळी आडवी बसवलेली असेल आणि खालचा ब्रॅकेट पाव इंचाचा असेल, तर दोन इंची स्क्रू पावणेदोन इंच वर जातो. म्हणजे त्याचं टोक फळी भेदून पाव इंच बाहेर येतं. गालिच्यामुळे ते दिसत नाही. पुढे नाव त्यावर चढते आणि पत्र्याला भोक पडतं. स्क्रू घेण्याआधी फळीची जाडी स्वतः मोजा.

"नावेचं वजनच फळीला दाबून धरतं, बोल्ट नावापुरते" असंही म्हणतात. रस्त्यावर ते बरंचसं खरं आहे. पण उतारावर ट्रेलर पाण्यात गेला आणि नाव सुटली की रिकामी फळी तरंगू पाहते. परत येताना विंचने नाव ओढली की तिचा तळ फळीला पुढे खेचतो. ही वर आणि पुढे जाणारी ओढ सगळी बोल्टवर येते, आणि ओल्या लाकडातलं गोल भोक हळूहळू लांबट होतं.

फळी निरोगी असेल तर माझं मत स्पष्ट आहे: खालून लाकडात घुसणारा लॅग स्क्रू सोडा आणि आरपार बोल्ट लावा. घुमटासारखं डोकं आणि त्याखाली चौकोनी मान असलेला कॅरेज बोल्ट वरून घालायचा. बहुतेक ठिकाणी तीन सुती बोल्ट पुरतो. डोकं फळीच्या पृष्ठभागाच्या खाली राहील इतका खड्डा आधी कोरायचा. ते वर राहिलं तर नावेला घासणार. खाली रुंद वायसर आणि नायलॉनचं कडं असलेला नट. कोरलेल्या लाकडाला इपॉक्सी किंवा रंग फासला की तिथे पाणी मुरत नाही. आता पकड लाकडाच्या तंतूंवर नाही, दोन्ही बाजूंनी आवळणाऱ्या धातूवर असते.

लॅग स्क्रूच ठेवायचा असेल तर जुनं भोक मोठं करून, फळी अनेक दिवस पूर्ण वाळू देऊन, घट्ट कालवलेलं इपॉक्सी भरावं आणि ते पक्कं झाल्यावर तीन सुती स्क्रूसाठी दोन सुती भोक पाडावं. ओल्या लाकडाला इपॉक्सी नीट चिकटत नाही. घाईचा माणूस इथेच फसतो.

धातूबद्दलचे गैरसमजही महाग पडतात. "ट्रीटेड लाकूड घ्या, कुजत नाही" हे अर्धंच खरं. अमेरिकेत २००३ अखेर आर्सेनिकवालं जुनं रसायन घरगुती लाकडातून हद्दपार झालं आणि तांब्याचं प्रमाण जास्त असलेली रसायनं आली. तांबं आणि ओल एकत्र आली की साधं लोखंड लवकर खाल्लं जातं आणि ॲल्युमिनियमला बारीक खड्डे पडतात. इथल्या कितीतरी मासेमारीच्या नावा ॲल्युमिनियमच्याच. ओला गालिचा मध्ये असला तरी तो आडोसा होत नाही, उलट ओल धरून ठेवतो. अशा नावेखाली बिनट्रीटेड, रंगवलेली फळी बरी. दर काही वर्षांनी ती बदलावी लागेल, पण फळी बदलणं नावेचा तळ बदलण्यापेक्षा स्वस्तच. ट्रीटेड फळी असेलच तर जाड जस्ताचा थर दिलेले किंवा स्टेनलेसचे बोल्ट हवेत. आणि स्टेनलेसही अमर नाही: ओल्या लाकडात, हवा न पोचणाऱ्या फटीत तेही झिजतं, खाऱ्या पाण्यात तर अधिकच.

गालिचा वरून आणि बाजूंनी गुंडाळा. खालची बाजू उघडी ठेवा, म्हणजे फळी वाळते. हे सगळं काम नाव पाण्यात असताना, रिकाम्या ट्रेलरवर करा. जॅकवर तोललेल्या नावेखाली कुणीही झोपून पाना फिरवू नये.

पहिल्या फेरीनंतर सगळे नट पुन्हा तपासा. नवं लाकूड दबतं, वाळतं, आणि घट्ट आवळलेला नट अर्धा फेरा मागतोच.