दस्तीतला हात

हिंगोलीकडच्या जवळा बाजारच्या थांब्यावर एसटी येते. गर्दी असली की खिडकीतून आधी दस्ती आत जाते, माणूस मागून चढतो. जागा धरणारी ही दस्ती उन्हात कानाला गुंडाळतात, हातपाय धुतले की तिनंच तोंड पुसतात, शेतात निघताना तिच्यातच भाकर बांधतात. पुण्याकडचा पाहुणा विचारतो, "दस्ती म्हणजे?" "रुमाल वो, दुसरं काय!"

'दुसरं काय' ते सांगतो. फारसीत 'दस्त' म्हणजे हात. हातात असते ती दस्ती. दस्तखतात हाच हात आहे, आणि जबरदस्तातही: ज्याचा हात वर, तो जबरदस्त. हिंगोलीचा हा मुलूख सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कचेरीतले कितीतरी शब्द राज्याबरोबर गेले, ही मात्र खांद्यावरच राहिली. सीमेपलीकडे तेलंगणात तेलुगू बोलणारेसुद्धा रुमालाला दस्तीच म्हणतात.

खरी गंमत त्याच्याही मागे आहे. आपला 'हात' आला संस्कृत 'हस्त'वरून, मध्ये प्राकृतातला 'हत्थ'. इराणकडे तोच शब्द पारशांच्या धर्मग्रंथाच्या, अवेस्ताच्या भाषेत 'झस्त' झाला आणि जुन्या फारसीत 'दस्त'. एकाच मूळ ध्वनीचा इकडे ह, तिकडे झ आणि द. हा योगायोग नव्हे. 'मी' म्हणायलाही संस्कृतात अहम्, अवेस्तात अझेम, जुन्या फारसीत अदम्! म्हणजे 'हातात दस्ती घे' असं आई म्हणते, तेव्हा हजारो वर्षांपूर्वी ताटातूट झालेली दोन भावंडं एका वाक्यात शेजारी बसतात. मला तर हे कळल्यापासून दस्ती साधी वाटतच नाही.

रुमालही फारसीच. 'रू' म्हणजे चेहरा, 'माल' म्हणजे पुसणारा. तोंड पुसायचं फडकं असा सरळ अर्थ नावातच आहे.

पण दस्तीतला हात डोळ्यांनी पाहायचा, तर बैलबाजारात जावं. दलाल आणि गिऱ्हाईक समोरासमोर उभे राहतात. हातांवर कापड टाकतात आणि आत एकमेकांची बोटं दाबून भाव सांगतात. या सौद्याला नावही 'हत्ता'. तोंडानं आकडा निघत नाही. बैलाचा मालक शेजारी उभा असतो, त्याला दिसते फक्त हलणारी दस्ती.