छेदातील करणी

बीजगणिताचे नाव काढताच आपल्या कलाशाखेत पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतात. शाळेत उत्तर १/√२ असे लिहिले की ‘छेद परिमेय करा’ असा शेरा मिळे. √२/२ लिहिले की गुण मिळत. दोन्ही संख्या तर एकच! मग हा खटाटोप कशासाठी?

प्रथम करणी म्हणजे काय ते पाहू. २, ३, ५ यांसारख्या ज्या संख्यांचे वर्गमूळ नेमके निघत नाही, त्यांचे मूळ म्हणजे करणी. √२ = १.४१४२१३५६… हा विस्तार कधीच संपत नाही. करणीला सरळ रूप देताना तिच्या पोटातला पूर्ण वर्ग बाहेर काढावा. √५० = √(२५ × २) = ५√२; तसेच √१८ = ३√२. म्हणून दोहोंची बेरीज ८√२. मात्र √९ + √१६ म्हणजे √२५ नव्हे. पहिली बेरीज ७, तर √२५ म्हणजे ५.

आता छेदाकडे वळू. १ ला १.४१४२१३५६ ने भागणे कागदावर किती किचकट! अंश व छेद दोहोंना √२ ने गुणून √२/२ हे रूप केले, की निम्मे करायचे तेवढे उरते : ०.७०७१०६७८.

छेदात दोन पदे असल्यास मधले चिन्ह बदलून गुणावे. (अ + ब)(अ − ब) = अ² − ब² या सूत्रामुळे करणी नाहीशी होते. १/(√१०१ − १०) हे उदाहरण घ्या. √१०१ म्हणजे सुमारे १०.०५. तसाच भागाकार केला तर छेद ०.०५ आणि उत्तर २०. उलट, अंश व छेद यांना (√१०१ + १०) ने गुणले तर छेद १०१ − १०० = १, आणि उत्तर √१०१ + १०, म्हणजे २०.०५. खरे मूल्य २०.०४९८७… आहे. दोन्हीकडे १०.०५ च वापरले. पण पहिल्या रीतीत चूक सुमारे ०.०५ झाली, दुसरीत सुमारे ०.०००१. जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी केली की भरवशाचे अंक गळतात आणि चूक तेवढी मागे उरते. गणकयंत्रानेही हा धोका संपत नाही, कारण तेही ठराविक अंकच धरून ठेवते.

ही युक्ती आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांच्या (जन्म इ. स. १११४) ‘बीजगणित’ ग्रंथात करणींच्या भागाकारासाठी छेदातील एका करणीचे चिन्ह पालटून भाज्य व भाजक दोघांनाही गुणावे, अशी रीत दिली आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे.

वाचकहो, √१० साठी ३.१६ धरून १/(√१० − ३) ची किंमत दोन्ही रीतींनी काढून पाहा. एकीने ६.२५ येईल, दुसरीने ६.१६. खरे उत्तर ६.१६२२… आहे. गुण कोणत्या रीतीला द्यावेत, हे मग तुम्हीच ठरवा.