आठ मात्रांत काळी दोन

संपादकांचा निरोप दोन ओळींचा होता. दिवाळी अंकासाठी बालनाट्यावर काहीतरी हवंय, शक्यतो सांगलीहून, आणि रडगाणं नको. शेवटची अट तरी पाळता येईल, असं निघताना वाटलं होतं.

सांगलीच का, हे विचारायची गरज नव्हती. मराठी नाटकाची गोष्ट तिथूनच सुरू करायची रीत आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीकर पटवर्धनांच्या दरबारी ‘सीता स्वयंवर’ केलं, आणि अजूनही दर ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन साजरा करतो. मुलांच्या नाटकाचं गाव मात्र मुंबई. अमेरिकेत बालरंगभूमी शिकून आलेल्या सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ गिरगावात साहित्य संघासाठी बसवलं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये अडकलेलं मुलांचं नाटक त्यानंतर तिकीटखिडकीपर्यंत आलं. मतकरी तेव्हा बँकेत नोकरी करत. नोकरी करून उरलेल्या वेळात नाटक हा हौशी माणसाचा शिरस्ता त्यांनीही बरीच वर्षं पाळला.

मी गेले त्या मंडळींचाही शिरस्ता तोच. दिग्दर्शिका ताई विम्याच्या कचेरीतून सुटून थेट तालमीला येतात. एका शाळेचा हॉल संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ मिळतो, तोही बाकं आपण उचलायची आणि आपणच परत लावायची या बोलीवर. तेवीस मुलं. कपडे आयांनी शिवायचे, प्रकाशयोजना कुणाच्या तरी मामांकडे. नाटक आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं, राजाला गाढवाचे कान असल्याचं. न्हाव्याच्या पोटात गुपित राहत नाही, तो ते झाडाला सांगतो, झाडाच्या लाकडाचं वाद्य होतं आणि ते भर दरबारात सगळं ओकून टाकतं. नऊ गाणी आहेत. कान स्पंजचे आहेत आणि डावा कान दर तालमीत एकदा तरी राजाच्या डोळ्यावर येतो. लहान मुलं त्याला इतकी हसतात की ताईंनी तो आता तसाच ठेवायचं ठरवलंय.

मी खरं तर दिग्दर्शनावर लिहायला गेले होते. पण पहिल्या संध्याकाळपासून माझी नजर कोपऱ्यातल्या सतरंजीवर खिळली. तिथे पेटीवाले काका बसतात.

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. गुरू असा कुणी नाही. लहानपणी भजनी मंडळात बसून जे कानावर पडलं ते बोटांत उतरलं. त्यांची पेटी स्केल चेंजर आहे, आणि तिच्याविषयी ते जरा ओशाळूनच बोलतात. “खरा वाजवणारा कुठल्याही पट्टीतून वाजवतो. माझी बोटं काळी एकच्याच घरात राहिली. म्हणून ही कुबडी.”

कुबडी म्हणा, पण कारागिरी बघण्यासारखी आहे. साध्या पेटीत पट्टी आणि तिच्याखालचा सूर यांची जोडी कायमची जमलेली असते. स्केल चेंजरमध्ये पट्ट्यांची सगळी चौकट सुटी असते. बाजूची खटकी ओढायची, चौकट उचलली जाते. हवी तितकी घरं डावीउजवीकडे सरकवायची आणि पुन्हा खाली बसवायची. बोटं होती तिथेच आणि तशीच चालतात, खालून येणारा षड्ज मात्र बदललेला असतो. सांगण्यासारखी गोष्ट अशी, की पॅरिसच्या दबेननं हार्मोनियमचं पेटंट घेतलं ते १८४२ साली, म्हणजे भाव्यांच्या नाटकाच्या एकच वर्ष आधी. पुढे कोलकात्यात तिला हातभाता लागला, ती मांडीशी आली आणि संगीत नाटकानं तिला घरात घेतलं. आकाशवाणीनं मात्र १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दाराबाहेर ठेवलं होतं. हे मी काकांना सांगितलं तर म्हणाले, “आता लॅपटॉप ठेवतोय.”

कारण बहुतेक ठिकाणी आता ट्रॅक वाजतो. पुण्यामुंबईकडे गाणी स्टुडिओत गाऊन घेतात, रंगमंचावर मुलं ओठ हलवतात. ते स्वस्त पडतं आणि हमखास जमतं. या मंडळींनी ट्रॅक घेतला नाही. तत्त्व वगैरे फार नव्हतं. काका फुकट होते. पुढे त्याचंच तत्त्व झालं.

जूनमध्ये नाटक उभं राहिलं तेव्हा सगळी गाणी काळी चारमध्ये बसवली, मुलामुलींच्या गळ्याला सोयीची. न्हावी झालेला मुलगा तेरा वर्षांचा. तार सप्तकातल्या पंचमाला तो असा जाई, की ताईंनी त्याच्यासाठी एक गाणं वाढवलं. गणपतीत तालमी बंद होत्या, कारण ढोलकीवाला पोरगा मंडळांच्या आरास-कार्यक्रमात अडकला होता. पंधरा दिवसांनी सगळे जमले आणि न्हाव्यानं तोंड उघडलं, तर मधोमध आवाज चिरला. कोरसमधल्या मुली फिस्सकन हसल्या. त्याचा आवाज फुटायला लागला होता.

यात कुणाची चूक नाही. या वयात मुलांचा कंठ वाढतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो. तो नेमका कधी स्थिरावेल याची तारीख कुणी देत नाही. नाट्यगृहाची तारीख मात्र दिवाळीच्या सुट्टीतली, पैसे भरलेले.

काकांनी आधी गाणं पांढरी चारला उतरवलं. आठवडाभर निभावलं. मग काळी दोन. तिथे न्हाव्याचा गळा मोकळा झाला, पण कोरसमधल्या आठ-नऊ वर्षांच्या पोरी खालच्या सुरांना नुसतं तोंड हलवू लागल्या. हे म्हणजे ट्रॅक न लावता ट्रॅकच झाला.

ताईंचं म्हणणं सरळ होतं. एका मुलीला न्हाव्याची सगळी गाणी पाठ आहेत, तिला उभी करू. दिग्दर्शिकेनं असाच विचार करायला हवा, आणि मला तो पटलाही. मुलगी फार गोड गाते. न्हावी त्या दिवशी बाकं लावायला थांबला नाही.

दुसऱ्या संध्याकाळी काका वहीत काहीतरी मांडून आले. कोरसनं काळी चारमध्येच गायचं. धृपद संपलं की ढोलकीनं एकटीनं आठ मात्रा वाजवायच्या, तेवढ्यात काकांनी चौकट पाच घरं सरकवून काळी दोनला आणायची. कोरसचा खालचा पंचम तोच न्हाव्याचा षड्ज, त्यामुळे ऐकणाऱ्याला धक्का बसत नाही. ढोलकी काळी चारला चढवलेली. तो सूर आता मध्यम ठरतो आणि चालून जातो. कडवं झालं की पुन्हा आठ मात्रा आणि परत काळी चार. तीन कडव्यांत सहा वेळा सरकवासरकव.

कागदावर सुरेख. पण सप्टेंबरची अखेर, पाऊस हटलेला नाही, आणि कृष्णाकाठच्या दमट हवेत लाकूड फुगतं. चौकट तिसऱ्या घरापर्यंत लोण्यासारखी येते, चौथ्याला अडते. मिरजेला नेऊन कडा घासून आणल्या. दोन दिवस बरं चाललं. ओढताना जोर लावला तर पट्ट्या वाकड्या बसतात आणि दोन सूर एकदम बोलतात. सगळ्यात वाईट म्हणजे काकांची बोटं. मला त्यांनी सांगितलं नाही, पण खटकी ओढताना उजवा अंगठा थरथरतो आणि ते तो डाव्या हाताखाली झाकतात.

माझ्या मुक्कामाच्या शेवटच्या तालमीला दोन्ही न्हावी हजर होते. मुलगी भिंतीला टेकून, मुलगा मध्ये. कोरसनं धृपद टाकलं, ढोलकी एकटी उरली. काकांचा ओठ मोजत होता. पाचव्या मात्रेला चौकट अडली, सातव्याला सुटली, आणि मुलानं पेटीची वाट न बघता स्वतःच सूर धरला. थोडा उतरलेला होता. तिसऱ्या शब्दाला पेटी त्याला जाऊन मिळाली आणि तो वर सरकला. दुसऱ्या कडव्याआधी चौकट हललीच नाही.

ताईंनी घड्याळ पाहिलं. आठ वीस.

“बाकं लावायचीयत,” कुणीतरी म्हणालं.

“एकदा परत,” ताई म्हणाल्या. “धृपदापासून.”

ढोलकीवाला हाताला पावडर चोळत होता. काकांनी त्याच्याकडून डबी मागून घेतली, पेटी तिरकी केली आणि चौथ्या घराच्या खाचेत चिमूटभर सोडली.