हिरवळ उचला, उकरू नका

मोशीपासून आळंदी फाटा, चाकण, पार राजगुरुनगरपर्यंत मंगल कार्यालयांची रीघ लागलेली आहे, आणि बहुतेकांच्या पुढ्यात लॉन असतं. लग्नसराईत तिथे काही ना काही पडतंच: कानातल्याची फिरकी, एखादं जोडवं, बोटाला सैल झालेली साखरपुड्याची अंगठी. पाहुणे पांगले की शोधाशोध सुरू होते. कुणीतरी कुठूनतरी मेटल डिटेक्टर मिळवून आणतो, यंत्र वाजतं आणि घरातला सर्वांत उत्साही माणूस कुदळ मागतो. लॉनचा मालक कपाळाला हात लावतो तो इथे. उद्या संध्याकाळी त्याच हिरवळीवर दुसऱ्या कुणाचं तरी रिसेप्शन असतं.

मी या मालकाच्या बाजूचा आहे. धातू सापडणं हे यंत्राचं काम. जमीन कमीत कमी उघडून ती पूर्ववत मिटवणं हे माणसाचं.

पहिली गोष्ट म्हणजे काल पडलेली अंगठी मातीत गेलेलीच नसते. ती गवताच्या बुडाशी, वाळक्या काडीकचऱ्याच्या थरात अडकलेली असते. अंधार पडल्यावर बॅटरी जमिनीलगत आडवी धरून पाहिलं तर पुष्कळदा खोदायची वेळच येत नाही. वस्तू खाली जाते ती महिन्या-वर्षांनी. पाणी, पावलं आणि मुख्य म्हणजे गांडुळं तिला खाली नेतात. गांडुळं खालची माती वर आणून टाकतात आणि वरच्या वस्तू हळूहळू झाकत जातात, हे चार्ल्स डार्विनने १८८१च्या पुस्तकात वर्षानुवर्षांच्या निरीक्षणांसह मांडलं आहे.

यंत्राचं तत्त्व या कारखान्यांच्या पट्ट्यात समजावून सांगायला सोपं आहे. कारखान्यात क्वालिटीला काम करणाऱ्याला एडी करंट टेस्टिंग माहीत असतं. पार्टमधली बारीक चीर त्याने कळते. डिटेक्टरची कॉइल तेच जमिनीवर करते. बदलतं चुंबकीय क्षेत्र खाली सोडते, धातूत प्रवाह उठतो, त्याचं उत्तर कॉइल पकडते. अडचण अशी की सोन्याची बारीक अंगठी आणि ॲल्युमिनियमचा कपटा यंत्राला जवळजवळ सारखेच ऐकू येतात. शिवाय आपली माती बेसॉल्टची, म्हणजे लोहखनिज मुळातच अंगात मुरलेली. जमिनीचा हा आवाज वगळायला डिटेक्टरला आधी ग्राउंड बॅलन्स करावा लागतो, आणि मुरमाचा भराव टाकलेल्या लॉनवर तो पुन्हा पुन्हा करावा लागतो. त्यातून बांधकामाची बाइंडिंग तार, मांडववाल्याचे खिळे, साडीपिना, गोळ्यांच्या पाकिटांचे तुकडे. लोखंड वगळायचं बटण दाबून मोकळं होता येत नाही, कारण खिळ्याशेजारची अंगठी त्या खिळ्याच्या आवाजात बुडते. छोटी कॉइल घ्यावी, ती गवताला जवळजवळ टेकवून हळू फिरवावी. आवाज आला की आडवी-उभी अशी दोन दिशांनी फिरवून नेमका बिंदू काढावा. हातात मावणारा पिनपॉइंटर, म्हणजे नेमका बिंदू दाखवणारा छोटा डिटेक्टर, असेल तर खड्डा बराच लहान राहतो.

आता हत्यार. वस्तू बोटभर खोलीवर असेल तर खोदायचंच नाही. बोथट टोकाचा स्क्रू ड्रायव्हर किंवा पितळी सळई हलक्या हाताने खुपसावी, टोकाला काही लागलं की तिथेच फट थोडी रुंद करून वस्तू बाजूने वर उचकावी. फट दोन्ही बाजूंनी दाबून मिटवली की दुसऱ्या दिवशी ती दिसत नाही.

खोल असेल तर धारदार पातळ खुरपं किंवा हातातलं फावडं लागतं. वीतभर रुंदीचा, घोड्याच्या नालाच्या आकाराचा काप घ्यायचा. तीन बाजू कापायच्या, चौथी तशीच ठेवायची. काप सरळ खाली आणि किमान आठ-दहा सेंटिमीटर खोल हवा. नवशिके इथेच कंजूषपणा करतात: दोन बोटं खोलीचा पापुद्रा उचलतात, मुळं तुटतात आणि आठवड्यात तिथे पिवळा गोल उमटतो. खोल कापलेलं ढेकूळ डब्याच्या झाकणासारखं न कापलेल्या बाजूवर उलटतं. खालची सुटी माती गवतावर न टाकता घमेल्यात किंवा जुन्या चादरीवर काढायची. वस्तू मिळाली तरी खड्डा परत एकदा तपासायचा. कानातलं एक मिळालं तर दुसरं शेजारीच असू शकतं. मग माती सगळी आत, थोडं पाणी, झाकण बंद, वरून पायाने दाब. माती चादरीवर उरली तर समजावं की खाली पोकळी राहिली आहे आणि तिथे खळगा पडणार.

खोदण्याआधी मालकाला दोन प्रश्न विचारावेत: स्प्रिंकलरचा पाइप कुठून गेलाय आणि लॉनच्या दिव्यांची केबल कुठून. केबलसुद्धा डिटेक्टरला धातूच वाटते.

हिरवळ ताजी अंथरलेली असेल, म्हणजे उरुळी कांचन, सोरतापवाडीकडच्या नर्सरीतून आलेलं कार्पेट, तर कापायचंच नाही. तुकड्यांमधला सांधा शोधायचा आणि तिथून कडा उचलायची. जुन्या लॉनमध्ये हरळी असेल तर नशीब. जमिनीवरून आणि जमिनीखालून धावणाऱ्या कांड्यांनी ती जखम भरून काढते. नर्सरीवाले ज्याला मेक्सिकन म्हणतात ते दाट गवत मात्र सावकाश भरतं. आणि वेळ शेतकऱ्याला विचारून ठरवावी: वाफसा हवा. एप्रिलच्या कडक उन्हात काप फुटतो, मुळं वाळतात; भर पावसात काळी माती खुरप्याला चिकटून खड्ड्याच्या कडा लिंपून टाकते. उन्हाळ्यात नाइलाजच असेल तर आदल्या संध्याकाळी पाणी सोडावं.

हे सगळं हरवलेल्या अंगठीचं झालं. या पट्ट्यातली जमीन याहून जुनंही काही देते. २०२१च्या डिसेंबरमध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी २१६ सोन्याची नाणी जप्त केली. ती चिखलीत एका बांधकामाच्या खोदाईत मिळाली होती, सोबत कांस्याचं भांडं होतं. नाण्यांचं वजन २,३५७ ग्रॅम, काळ १७२० ते १७५०च्या दरम्यानचा, म्हणजे मुघल बादशहा मुहम्मदशहाच्या आगेमागेचा. सोनं मिळालं, पण ते किती खोल होतं, शेजारी भिंत होती की चूल, भांडं उभं होतं की आडवं, हे सगळं उपसलेल्या मातीबरोबर गेलं. गवत महिन्यात परत येतं, मातीतला तो क्रम परत येत नाही.

नेमकं उलट उदाहरण इंग्लंडमधल्या हॉक्सन गावचं. १९९२च्या नोव्हेंबरमध्ये एरिक लॉज हा माणूस मित्राचा शेतात हरवलेला हातोडा डिटेक्टरने शोधत होता. हाती रोमन नाणी आणि चांदीचे चमचे लागले. त्याने खोदाई थांबवली आणि कळवलं. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांनी जवळजवळ १५ हजार नाण्यांचा तो साठा थराथराने उचलला. कोणती वस्तू पेटीत कुठे ठेवली होती तेही कळलं. हातोडाही सापडला, आणि तो आज ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे.

आपल्याकडचा कायदा १८७८चा आहे, इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट. मातीत लपलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर कलेक्टरला लेखी कळवणं बंधनकारक आहे. दहा रुपये ही रक्कम त्या काळातली, आज तिच्यात एक कटिंगसुद्धा जेमतेम येतो. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, शिवाय शोधणाऱ्याचा वाटा सरकारजमा. कळवलं आणि कुणी मालक पुढे आला नाही, तर कायद्याने शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जागामालकाला उरलेला भाग मिळू शकतो. सरकारला ठेवा हवा असेल तर ते मोबदला देऊन घेतं. म्हणून काप उलटल्यावर अंगठीऐवजी मडक्याचा काठ किंवा हिरवट पडलेली नाणी दिसली, तर ती घासायची-धुवायची नाहीत. झाकण परत मिटवायचं, खूण करायची, मोबाइलवर फोटो घ्यायचा आणि पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना काय, कुठे, कोणत्या तारखेला सापडलं ते लिहून द्यायचं. मालकाला सांगायचं की उद्याचं रिसेप्शन त्या कोपऱ्यापासून जरा लांब मांडा.