हिवाळ्यातील हुक्का आणि बंद खोलीतील निखारा

हरियाणा, पश्चिम उत्तर प्रदेश आणि राजस्थानचा त्यांना लागून असलेला भाग या पट्ट्यात हुक्का हा उघड्यावरच्या बैठकीचा सोबती मानला जातो. वर्षातील बहुतेक महिने तो चौपालीवर (गावकऱ्यांच्या बैठकीच्या जागी), अंगणात किंवा गोठ्याशेजारी मांडलेल्या खाटांच्या मध्ये असतो आणि त्याची नळी वयाचा मान राखत एका हातातून दुसऱ्या हातात जाते. डिसेंबर आणि जानेवारीत मात्र धुके दाटते, रात्रीचे तापमान अनेक ठिकाणी ५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरते, आणि मग माणसांबरोबर हुक्काही घरात येतो, दारे लावली जातात, खिडक्यांच्या फटींत कापड कोंबले जाते. हुक्क्याच्या रचनेत या स्थलांतराने काहीही बदलत नाही, परंतु तो ज्या हवेत पेटलेला असतो ती हवा पूर्णपणे बदलते, आणि हिवाळ्यातील घरगुती हुक्क्याचा खरा प्रश्न चवीचा किंवा उबेचा नसून या हवेचा आहे.

हुक्क्याची रचना साधी असते. तळाशी पाण्याचे भांडे, त्यातून वर जाणारी उभी नळी म्हणजे नेचा, नेच्याच्या टोकावर तंबाखू भरलेली चिलीम आणि तिच्यावर निखारे असा हा उतरंडीचा क्रम असतो. ओढणाऱ्याने हवा खेचली की ती निखाऱ्यांवरून तंबाखूत शिरते, तिथला धूर घेऊन पाण्याखाली उतरते आणि बुडबुड्यांच्या रूपाने वर येते. खेड्यांत गूळ किंवा काकवी मिसळलेला तंबाखू आणि गोवऱ्यांचे अथवा लाकडाचे निखारे वापरले जातात, तर शहरांत ग्लिसरीन व सुगंध घातलेला ओलसर तंबाखू आणि त्यावर छिद्रे पाडलेल्या ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर ठेवलेला नारळाच्या करवंटीचा कोळसा अशी पद्धत रुळली आहे. दख्खनशी या वस्तूचे नाते जुने आहे: मुघल दरबारातील असद बेगने १६०४च्या सुमारास अकबरासाठी तंबाखू नेला तो विजापुराहून, आणि बिदरच्या कारागिरांनी काळ्या धातूवर चांदीची नक्षी भरून घडवलेली हुक्क्याची पात्रे आज अनेक संग्रहालयांत जपलेली आहेत. जहांगीराने १६१७मध्ये तंबाखूवर बंदी घातली होती, पण ती टिकली नाही.

पाण्यातून गाळला गेल्यामुळे धूर निर्मळ होतो ही समजूत सर्वदूर आहे आणि ती चुकीची आहे. पाणी धूर थंड करते, त्यामुळे तो घशाला कमी लागतो आणि अधिक खोलवर व अधिक प्रमाणात ओढला जातो. त्यातील सर्वांत घातक वायू, कार्बन मोनॉक्साइड, पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. हा वायू कोळशाच्या जळण्यातूनच निर्माण होतो. निखाऱ्याच्या पृष्ठभागावर तयार झालेला कार्बन डायऑक्साइड तापलेल्या कोळशाच्या थरातून जाताना पुन्हा कार्बनशी संयोग पावतो आणि कार्बन मोनॉक्साइडमध्ये रूपांतरित होतो, म्हणून धूर न सोडणारा, राखेने झाकलेला, लालभडक आणि दिसायला अगदी स्वच्छ असलेला निखाराही हा वायू सोडतच राहतो. हुक्क्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडचा बहुतांश वाटा तंबाखूचा नसून कोळशाचा असतो, आणि त्यामुळे तंबाखूविरहित म्हणून विकल्या जाणाऱ्या वनस्पतिजन्य मिश्रणांनी निकोटिन टळले तरी हा धोका तसूभरही कमी होत नाही.

या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन, म्हणजे शरीरभर ऑक्सिजन वाहून नेणारे प्रथिन, ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक ओढीने कार्बन मोनॉक्साइडशी जोडले जाते, आणि एकदा जोडले गेले की साध्या हवेत श्वास घेतल्यास या वायूचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर येण्यास सुमारे ४ ते ५ तास लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने घरातील हवेसाठी एका तासापुरती सुचवलेली मर्यादा प्रति घनमीटर ३५ मिलिग्रॅम आहे आणि २०२१मध्ये दिवसभराच्या सरासरीसाठी तिने ती ४ मिलिग्रॅमवर आणली. हुक्क्याची एक बैठक बहुधा पाऊण ते एक तास चालते, आणि त्या सगळ्या वेळात खोलीत निखारे धुमसत असतात. जो ओढत नाही, जो कोपऱ्यात रजईत झोपला आहे, तोही तीच हवा घेत असतो. गर्भवती स्त्री, लहान मूल आणि हृदयविकाराचा रुग्ण यांना तिचा फटका सर्वांत लवकर बसतो.

थंडी या धोक्यात दोन बाजूंनी भर घालते. गार हवेत चिलमीची उष्णता लवकर उतरते आणि ग्लिसरीनयुक्त तंबाखू घट्ट होतो, म्हणून ओढणारा आणखी एक-दोन निखारे चढवतो. दुसरीकडे, त्याच वेळी खोलीची हवा बाहेर जाण्याचे मार्ग बंद केलेले असतात. जुन्या कौलारू घरांत छपराच्या सांध्यांमधून हवा आपोआप खेळत असे, सिमेंटच्या स्लॅबखाली आणि सरकत्या काचांच्या आड तशी सोय उरत नाही. त्यातच उबेसाठी अंगीठी, म्हणजे कोळशाची शेगडी, शेजारी ठेवलेली असेल तर दोन आगी एकाच खोलीतील ऑक्सिजन खातात. उत्तर भारतात दर हिवाळ्यात अंगीठी पेटती ठेवून झोपलेली अख्खी कुटुंबे दगावल्याच्या बातम्या येतात. त्या वाचून हळहळणाऱ्या घरांत हुक्क्याचा कोळसा मात्र त्याच जातीचा आहे याची जाणीव क्वचितच आढळते, आणि ही उणीव भरून काढणे अत्यंत निकडीचे आहे.

महाराष्ट्रात २०१८च्या कायदादुरुस्तीने हुक्का पार्लर चालवण्यास बंदी झाली. तिच्या आधी, २९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईच्या कमला मिल्स परिसरात लागलेल्या आगीत १४ जणांचा मृत्यू झाला होता आणि अग्निशमन दलाच्या चौकशीत हुक्क्याच्या निखाऱ्यांतून उडालेल्या ठिणग्यांचा संबंध पुढे आला होता. घराच्या चार भिंतींआड मात्र तपासणीला कोणी येत नाही, तेथे सारी जबाबदारी घरच्यांवरच पडते.

उत्तम उपाय म्हणजे हिवाळ्यात हुक्का घरात न आणणे, आणि त्याहून उत्तम म्हणजे तो सोडणे, कारण निकोटिनचे व्यसन आणि धुरातील इतर विषारी द्रव्ये कोणत्याही ऋतूत तशीच राहतात. तरीही जे ओढतात त्यांनी शाल-घोंगडी पांघरून ओसरीवर किंवा गच्चीत बसावे, कोळसा घरात पेटवू नये, आणि खोलीत बसणे अटळच असेल तर समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या ठेवाव्यात. एकच खिडकी किलकिली केल्याने हवा वाहत नाही. कार्बन मोनॉक्साइड ओळखून शिट्टी देणारे छोटे यंत्र बाजारात मिळते, आणि हा वायू वजनाने जवळपास हवेइतकाच असल्यामुळे ते माणूस बसतो वा झोपतो त्या उंचीवर लावणे योग्य ठरते. राखेत दडलेला निखारा कित्येक तास जिवंत राहतो, म्हणून तो पाण्यात बुडवून विझवल्याशिवाय आणि घराबाहेर ठेवल्याशिवाय कोणी झोपू नये. सर्दी-खोकल्याच्या दिवसांत एकच नळी अनेकांनी तोंडाला लावणे, विशेषतः क्षयरोगाचे प्रमाण मोठे असलेल्या देशात, हा आणखी वेगळा धोका आहे.

डोके दुखणे, गरगरणे, मळमळ आणि हातापायांतील त्राण जाणे ही विषबाधेची पहिली लक्षणे असून ती निकोटिनची झिंग किंवा थंडीचा ताप समजून दुर्लक्षिली जातात. एकाच खोलीतील अनेकांना ती एकाच वेळी जाणवू लागली तर शंकेला जागा उरत नाही. अशा वेळी सर्वांना तत्काळ मोकळ्या हवेत आणून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि बंद खोलीत कोळसा पेटलेला होता ही गोष्ट डॉक्टरांना सर्वांत आधी सांगावी, कारण बोटाला लावण्याचा नेहमीचा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेल्या हिमोग्लोबिनलाही ऑक्सिजनयुक्त समजून समाधानकारक आकडा दाखवतो, आणि खरी स्थिती रक्ताच्या वेगळ्या तपासणीतूनच कळते. शुद्ध ऑक्सिजन वेळेवर सुरू झाला तर रक्तातील हा वायू निम्म्यावर येण्याचा ४-५ तासांचा काळ सुमारे एक ते दीड तासावर येतो.